‘तुम्ही समोर नव्हता ना, ताई’

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या, गणितात बी.एस्सी. लग्नाआधी तीन वर्षं शाळेत शिकवत होत्या. मुलगा झाल्यावर नोकरी सुटली आणि गेली नऊ वर्षं त्या मुलांच्या घरी जाऊन शिकवण्या घेतात. एक मुलगी त्यांच्याकडे पाचवीपासून आहे. आता ती नववीत, सेमी इंग्रजीत. सोमवार ते शनिवार, रोज दीड तास, गणित आणि विज्ञान. आईवडील दोघंही नोकरीवर, घरी आजी. पाचवीत अपूर्णांक बघून रडणारी ही मुलगी सातवीत वर्गात पहिल्या पाचांत आली. पण परवाच्या घटक चाचणीत तिने तीन गुणांचं एक उदाहरण कोरं सोडलं. चार दिवस आधी तेच उदाहरण तिने ताईंसमोर बिनचूक सोडवलं होतं. का सोडलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुम्ही समोर नव्हता ना, ताई. सुरुवात कुठून करायची तेच कळेना.”

मग ताईंना एकेक गोष्ट दिसायला लागली. त्या येईपर्यंत मुलगी पुस्तक उघडत नाही. शाळेचा गृहपाठही शिकवणीतच होतो. रात्री आठ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकातल्या गणिताचा फोटो येतो, खाली नुसतं “ताई??”. मुलीच्या आईचं म्हणणं असं की दहावी होईपर्यंत तुम्ही हलायचं नाही, एप्रिलपासून दोन तास या, फी वाढवून देते. ताईंची महिन्याची कमाई चोवीस हजार, त्यातले नऊ हजार या एका घरातून येतात आणि त्यावर घराचा हप्ता चालतो. त्या लिहितात, “क्लासच्या गर्दीपेक्षा एकास एक शिकवणं केव्हाही चांगलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता वाटतं, मीच तिला पांगळं केलं. खरं सांगून शिकवणी सोडली तर तिचं दहावीचं वर्ष आणि माझा हप्ता, दोन्ही अडचणीत. नाही सोडली तर पैशासाठी गप्प बसले असं होईल. मी काय करू?”

प्रिय ताई,

तीन गुणांचं उदाहरण कोरं राहिलं म्हणून झोप उडालेल्या शिकवणीच्या बाई मी फारशा पाहिलेल्या नाहीत. बहुतेक जण ‘सिली मिस्टेक’ म्हणून पुढचा धडा काढतात. मुळात ती सिली मिस्टेक नव्हतीच, हे तुम्हाला कळलं. त्यामुळे अर्धं काम झालेलं आहे असं मी धरून चालतो.

तुम्ही विचारलंय, सोडू की चालू ठेवू? मला वाटतं, त्याआधी दुसरं काहीतरी तपासायला हवं. त्या दीड तासात पेन कुणाच्या हातात असतं?

तुम्ही पत्रात ते उदाहरण लिहून पाठवलंत हे बरं झालं. एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली की येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ने मोठी, तर मूळ संख्या कोणती? ते तिने तुमच्यासमोर कसं सोडवलं असेल, याचा मी अंदाज करतो. चुकलो तर कळवा.

तुम्ही म्हणालात, “दशकाचा अंक काय मानूया?” ती म्हणाली, “एक्स.” “आणि एककाचा?” “वाय.” “मग संख्या कशी लिहायची?” “दहा एक्स अधिक वाय.” “बेरीज किती दिलीय?” “नऊ.” “झालं पहिलं समीकरण. आता उलटी केलेली संख्या?” “दहा वाय अधिक एक्स.” “मोठी कोणती?” “उलटी केलेली.” “कितीने?” आणि पुढे ती धावत सुटली असणार. वजाबाकी, नऊने भाग, वाय वजा एक्स बरोबर तीन, उत्तर ३६. सगळी उत्तरं तिची, सगळी बरोबर. पण उदाहरणाचे सात तुकडे कुणी केले? तुम्ही. तिने सात रिकाम्या जागा भरल्या. परीक्षेत “काय मानूया?” असं कुणी विचारत नाही. तिथे तिच्यासमोर अख्खं उदाहरण आलं आणि त्याला कुठून हात घालायचा, हे तिला आजवर कधी ठरवावंच लागलेलं नव्हतं.

म्हणजे गणित तिला येत होतं. आपण होऊन सुरुवात करणं येत नव्हतं. ती सुरुवात पाचवीपासून रोज संध्याकाळी तुम्ही करून देत आलात, तेही इतक्या मायेने की दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बोर्डाच्या पेपरातही हे नेमकं दिसतं. दहावीच्या गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या ‘अ’ भागात कृती असतात, म्हणजे सोडवलेल्या उदाहरणातल्या चौकटी भरायच्या. त्याचे ७ गुण. चौथा आणि पाचवा प्रश्न मिळून ११ गुण, आणि तिथे चौकट नसते. शाळाही नववीला साधारण याच धर्तीवर पेपर काढतात. तिचे जुने पेपर घेऊन बसा आणि गुण कुठे गेले ते प्रश्नवार मांडा. कृतींमध्ये पैकीच्या पैकी आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नात कोरी जागा असं चित्र निघालं, तर धडे पुन्हा शिकवण्यात एक मिनिटही घालवू नका. उलट पहिल्या प्रश्नातच गळती असेल, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि पाया बघा.

आता तुमच्या त्या ‘केव्हाही चांगलं’बद्दल. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचा १९८४चा एक लेख शिकवणीच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला, असा त्याचा निष्कर्ष. अनेक कंपन्या जाहिरातीत हाच आकडा फिरवतात. पण ते प्रयोग काही आठवड्यांचे होते, आणि त्यात दर टप्प्याला चाचणी, चूक सापडली की दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी, असा पक्का शिरस्ता होता. पुढे २०२०मध्ये शिकवणीचे ९६ प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा फायदा चांगलाच दिसला, पण ब्लूम यांना दिसलेल्या फायद्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. एकास एक शिकवणं चांगलं, यात वाद नाही. मात्र साडेचार-पाच वर्षं, आठवड्याला नऊ तास, असं औषध कुणी तपासल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही दोघी आपापल्या परीने ते करून बघताय.

म्हणून तुमचं ‘पांगळं केलं’ मला मान्य नाही. पाचवीतल्या त्या मुलीला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश का नाही, हे शेजारी बसून, पोळीचे तुकडे करून सांगणारं कुणीतरी हवंच होतं. तेव्हा तुम्ही हात धरलात ते योग्यच केलंत. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवणाऱ्या बाईचं बारकाईने निरीक्षण केलं आणि तिच्या मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. इमारतीला बांबूची परांची बांधतात तीच. तुमची परांची उत्तम होती, काम झाल्यावर उतरवायची राहून गेली. हा दोष कुणाचा? थोडा तुमचा. थोडा त्या घराचा, कारण गुण येतायत तोवर कोण कशाला बांबू हलवतो? आणि थोडा या धंद्याच्या रचनेचा. ज्याला महिन्याला पैसे मिळतात, त्याने स्वतःची गरज संपवायची कशी?

कॉलेजात असताना मीही सायकलवरून शिकवण्या करायचो. सातवीतला एक मुलगा होता. उत्तर सांगताना तो वहीकडे बघायचाच नाही, माझ्या भुवईकडे बघायचा. भुवई हलली की घाईघाईने, “नाही नाही, गुणाकार!” महिनाभर मला वाटत होतं, काय हुशार पोरगा आहे. एक दिवस दात दुखत होता म्हणून तोंड वाकडं करून बसलो होतो, तर त्याने ओळीने पाच बरोबर उत्तरं बदलली. त्या दिवसापासून मी त्याच्या समोर बसणं सोडलं. शेजारी, जरा मागे सरकून, हातात स्वतःचं काहीतरी वाचायला घेऊन बसायला लागलो. तुम्हीही हे उद्यापासून करा. आणि तुमचं पेन पर्समध्येच राहू द्या. तिच्या वहीत तुमचं अक्षर दिसलं नाही पाहिजे, बरोबरच्या खुणेपुरतंही नाही. खूण तिने करायची, उत्तर ताडून.

शिवाय थांबायला शिकावं लागेल. मेरी बड रो या संशोधिकेने सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबायला लावलं, तर मुलांची उत्तरं लांबली आणि “येत नाही” म्हणणं कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. घरच्या शांततेत, समोर अडलेली मुलगी, आणि बाहेर आजी कान देऊन बसलेल्या की ‘बाईंचा आवाज येत नाही, म्हणजे आज काही शिकवलं नाही वाटतं’, अशा वेळी तीन सेकंद फार लांब असतात. तुम्हाला तर तीन मिनिटं थांबायचंय.

एक शंका मात्र आधी मिटवून घ्या. ती सेमी इंग्रजीत आहे. ते उदाहरण तिला पेपरात इंग्रजीत आलं, तुमच्याबरोबर मात्र तुम्ही ते वाचून मराठीत सांगितलं असणार. सगळे तसंच करतात. मग अडलं ते गणितात की ‘इंटरचेंज’ आणि ‘एक्सीड्स’ या शब्दांत? पेन न उचलता, उदाहरण वाचून तिला आपल्या भाषेत गोष्टीसारखं सांगायला लावा. सांगता आलं नाही तर रोग वेगळा आणि उपायही सोपा. बालभारतीचं तेच पुस्तक मराठीत आहे, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतं, सरावसंचांचे क्रमांकही जुळतात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून महिनाभर फक्त वाचून घ्या.

दुसरी शंका जरा नाजूक आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की निघताना ती काहीतरी काढून तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं थांबवतेच आणि तुमच्या कॉलेजच्या गोष्टी तिला फार आवडतात. शाळेतून आल्यावर आईबाबा येईपर्यंत त्या घरात आजी आणि ती. आजी प्रेमळ आहेत, पण चौदा वर्षांच्या मुलीला आजीशी काय काय बोलता येणार? रात्री आठला येणारा तो “ताई??” नेहमी गणिताचाच असतो का, याचा विचार करा. मला खात्री नाही. पण तसं असेल, तर शिकवणीचे दिवस कमी करणं म्हणजे तिच्या दृष्टीने माणूसच कमी होणं. मग ती उदाहरणं आणखी कोरी सोडेल, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच असेल. म्हणून दिवस कमी कराल तेव्हा गप्पा कमी करू नका. शेवटची दहा मिनिटं उघडपणे गप्पांची ठेवा, म्हणजे त्यासाठी तिला अडण्याचं नाटक करावं लागणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी मुलीशी बोला, आईशी नंतर. तिच्याविषयी तिच्या पाठीमागे ठरवायचं तिचं वय राहिलेलं नाही. “तुला गणित येतं, सुरुवात मी करून देते, आता ती तू करायचीस, पहिले दोन महिने त्रास होईल,” एवढं पुरे.

मग रोजची पहिली वीस मिनिटं तिची एकटीची. तुम्ही खोलीत जायचंच नाही, बाहेर आजींजवळ बसायचं. तिला आठवड्यापूर्वी झालेल्या भागातली तीन उदाहरणं द्यायची. कालच्या भागातली नकोत, कालचं नुसतं आठवतं. नियम एकच: कोरं सोडायचं नाही. काय दिलंय, काय विचारलंय, आकृती निघते का, काय मानता येईल, एवढं तरी वहीत उमटलंच पाहिजे. चुकलं तरी खोडायचं नाही, बाजूला रेघ मारून पुढे जायचं. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे ही सवय नुसती मानसिक नाही, रोख आहे. वीस मिनिटांनी तुम्ही आत गेलात की “जमलं का?” विचारू नका. “कुठपर्यंत गेलीस आणि कुठे थांबलीस?” असं विचारा. “कळत नाही” हे उत्तर धरायचं नाही. “इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही,” असं अख्खं वाक्य आलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात ती रडेल किंवा रुसेल. दुसऱ्यात तुम्हाला रडू येईल.

फोनवरही तेच. पुस्तकाचा फोटो आला तर उत्तर नाही. तिच्या स्वतःच्या कच्च्या कामाचा फोटो, अडल्या जागी गोल केलेला, आला तर उत्तर, तेही दुसऱ्या दिवशी. रात्री आठनंतर तुमच्या मुलालाही आई हवी असते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण असणारच.

शनिवारी शिकवायचं नाही. ४० गुणांचा पूर्ण पेपर, घड्याळ लावून दोन तास. तो दोघींनी मिळून सोमवारी तपासायचा आणि वर सांगितलं तशी गुणांची प्रश्नवार मांडणी वहीच्या शेवटच्या पानावर करत जायची. शाळेचा गृहपाठ शिकवणीतून कायमचा बाद. वार्षिक परीक्षेपर्यंत सहा दिवस राहू देत, फक्त आतली पद्धत बदला. एप्रिलपासून तीन दिवस. मधल्या दिवशी तीच वेळ, तेच टेबल, ती एकटी.

दोन तासांना स्वच्छ नाही म्हणा. माझ्या मते नववी-दहावीच्या मुलीला रोजचा दीड तासही जास्तच आहे. शाळा, वर शिकवणी, मग तिने स्वतः विचार करायचा कधी?

राहिली आई. ती कशाची फी देते हे आधी ओळखा. वरवर गणित-विज्ञानाची. पण पाच ते साडेसहा मुलगी टीव्ही-मोबाइलपासून लांब एका विश्वासाच्या माणसाजवळ बसलीय, या निश्चिंतीचीही ती फी आहे. ऑफिसात बसलेल्या आईला ती निश्चिंती वाटणं यात काही वावगं नाही. म्हणून नुसतं “तिला माझी गरज उरली नाही” म्हणालात, तर त्यांना ऐकू येईल, “उद्यापासून तुमची मुलगी वाऱ्यावर.” त्याऐवजी पुरावा न्या. सारख्या काठिण्याचे दोन पेपर तिच्याकडून सोडवून घ्या, एक तुम्ही शेजारी असताना, एक नसताना. रविवारी सकाळी, आई आणि वडील दोघंही असताना, मुलीसमोर, ते दोन पेपर टेबलावर ठेवा. म्हणा, “हे माझ्यासमोरचे गुण, हे मी नसतानाचे. बोर्डाच्या परीक्षेत मी नसणार. पुढच्या वर्षभरात मला हा फरक घालवायचाय.” ‘सोडतेय’ हा शब्द काढूच नका, कारण तुम्ही सोडत नाही आहात. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाका: सुरुवातीला गुण उतरतील. चाळीसपैकी पस्तीस मिळत असतील तर काही दिवस अठ्ठावीस-तीसवर येतील. आधी सांगितलं तर ती योजना ठरते. नंतर सांगितलं तर तोच बहाणा वाटतो.

तरीही त्या म्हणाल्या, “ते काही नाही, तुम्ही रोज याच,” तर? वर्ष संपेपर्यंत रोज जा. पेन पर्समध्ये ठेवायला आणि वीस मिनिटं हॉलमध्ये बसायला कुणाची परवानगी लागत नाही. शिकवणी सोडायची वेळ तेव्हाच, जेव्हा गृहपाठ तुम्हीच करून द्या, प्रोजेक्ट तुम्हीच पूर्ण करा, असा हट्ट धरला जाईल. पण त्या आईबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ती वेळ येईल असं मला वाटत नाही. पाच वर्षं एका माणसावर घर सोपवणारी बाई त्या माणसाचं ऐकूनही घेते.

आणि हप्ता. त्यावर लिहिताना तुम्ही दोनदा माफी मागितलीत, त्याची काही गरज नव्हती. फुकट शिकवणाऱ्याच्या सल्ल्यात नऊ हजारांचा विचार नसतो, म्हणून तो सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. हिशेब करू. सध्या आठवड्याला नऊ तास, महिन्याला नऊ हजार. तीन दिवसांवर आलात तर फी निम्मी करू नका, सहा हजार सांगा. शनिवारचे पेपर काढणं, तपासणं, मांडणी करणं हे काम आता त्यात आलंय आणि ते कमी कौशल्याचं नाही. उरले तीन हजार. शनिवारचा पेपर तुमच्या घरी घ्या, तुमच्याकडची आणखी तीन-चार नववी-दहावीची मुलं बोलवा, मुलामागे महिना आठशे. चौघांचे बत्तीसशे होतात. मोकळ्या झालेल्या तीन संध्याकाळींपैकी एक-दोन कुणा पाचवी-सहावीच्या नव्या मुलाला द्या, ज्याला खरोखर हात धरणारं माणूस हवंय. तसं झालं तर कमाई वाढेलच. पण नवीन मूल मिळायला दोन-तीन महिने लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, म्हणून शोध आजच सुरू करा, एप्रिलची वाट बघू नका. शनिवारच्या त्या टेबलावर आपल्या मुलीला चार समवयस्क भेटतील, हा फायदा कुठल्याच हिशेबात धरलेला नाही.

जमलं तर आणखी एक करून बघा. त्यांच्या मजल्यावर किंवा इमारतीत पाचवीतलं एखादं पोर असेल, तर तिला आठवड्यातून अर्धा तास त्याला अपूर्णांक शिकवू दे. आजी तिथेच असतील. ‘काय मानूया?’ हा प्रश्न विचारायची पाळी तिच्यावर आली की तो कुठून येतो हे तिला कळेल.

हे वाचणाऱ्या आईबाबांसाठी थोडंसं. घरी येणारे सर किंवा मॅडम कशा आहेत हे गुणपत्रिकेवरून कळायला वेळ लागतो, वहीवरून लगेच कळतं. वहीत खाडाखोड, अर्धवट सोडलेले प्रयत्न आणि मुलाचंच अक्षर दिसलं तर निर्धास्त राहा. पानं नितळ आणि प्रत्येक उत्तर बरोबर असेल तर एक उदाहरण मुलाला तुमच्यासमोर नव्याने समजावून सांगायला लावा. शिकवणी हॉलमध्ये किंवा दार उघडं ठेवून व्हावी, ते मुलाच्याही हिताचं आणि शिकवणाऱ्याच्याही. आणि वर्षभर एकास एक शिकवूनही मूल अंक उलटे लिहीत असेल, वाचताना ओळी गाळत असेल, तर आणखी शिकवणी लावू नका, तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. तुमच्या विद्यार्थिनीत यातलं काही दिसत नाही, ताई, हे फक्त इतरांसाठी.

सोमवारी जाल तेव्हा आजींना आधी विश्वासात घ्या. पहिली वीस मिनिटं बाई आत का जात नाहीत, हे त्यांना कळलं नाही तर संध्याकाळी मुलीच्या आईला फोन जाणारच. त्यांना सांगा, चहा तेव्हाच टाका, आपण दोघी इथेच बसून पिऊ. आणि आतून “ताई, जरा या ना” अशी हाक आली, तर कप खाली ठेवू नका.